व्यक्तिगत संवाद

सारांश अडीचशे शब्दांत बसवायचा आहे.
माझे तीनशे बारा झालेत.
ताळगावच्या पठारावर, रात्री साडेनऊला,
विभागात मी आणि तो घरघरणारा फ्रीज;
त्यात दिवाडीच्या खाजनातलं पाणी
एकशे चव्वेचाळीस बाटल्यांत गोठायच्या बेतात.

काय कापू?
‘अत्यंत’ कापला. तो तसाही वेरेकर मॅडमना खपत नाही.
‘पावसाआधी बांधाला चिखल लावतात तेव्हा’
याचं ‘मान्सूनपूर्व’ केलं.
चार शब्द वाचले.
चिखल गेला.

तक्ता दोन. क्षारता, भरतीनुसार.
यंत्र म्हणतं आठ पूर्णांक चार.
बोस्त्यांवने त्या दिवशी बोट बुडवून जिभेला लावलं,
बाजूला थुंकला, म्हणाला,
“कोरगूट सोसतलें. हाचे वयर ना.”
त्याच्या थुंकण्याला दशांश चिन्ह नाही,
म्हणून ते तक्त्यात नाही.
पण यंत्र कुठे बुडवायचं ते त्यानेच दाखवलेलं:
मानशीच्या आतल्या अंगाला, फळीपासून दोन हात,
जिथे गोडं नि खारं एकमेकांची खोडी काढतात.
आणि मी लिहून बसलेय,
‘नमुनास्थळे यादृच्छिक पद्धतीने निवडली.’

खोडते.
दुसरं काय लिहायचं ते सुचत नाही,
तोवर तिथे नुसता कर्सर लुकलुकतो.

समीक्षक क्रमांक दोन यांनी मागच्या फेरीत विचारलं होतं:
‘पुनवेच्या भरतीत बांध कुर्ल्यांच्या बिळांतून
आधी पाझरतो, या विधानास संदर्भ द्यावा.’
रविवारी रायबंदरहून फेरी धरून गेले संदर्भ आणायला.
बोस्त्यांव मानशीवर जाळं शिवत होता.
संदर्भ म्हणजे काय?
म्हणजे हे तुला कुणी सांगितलं ते.
“पायन.”
आणि पायला?
“शावेर तियून.”
आणि त्याला?
त्याने जाळ्याचं एक घर पुरं केलं, दातांनी दोरा तोडला.
“कुर्लेन.”

म्हटलं, मग सहलेखकच करू याला.
अर्जात तारांकित रकाने: ईमेल. संस्था. पदनाम.
संस्थेत ‘मानस, दिवाडी’ घातलं,
पदनामात ‘दार उघडणे, लावणे.’
ईमेल रिकामा. पान लाल झालं.
मॅडम फोनवर जांभई आवरत म्हणाल्या,
“आभारात घाल गं. सगळे तेच करतात.”
आभारात आधी अनुदान देणारे, मग प्रयोगशाळेतले,
मग नकाशे काढून देणारा चुलतभाऊ,
आणि शब्दमर्यादा तिथेही आहेच.

नियमावली पुन्हा चाळली, पान एकोणीस.
व्यक्तिगत संवाद संदर्भसूचीत घेऊ नये,
मजकुरातच, कंसात द्यावा.
(बो. कुलासो, व्यक्तिगत संवाद)
बराच वेळ बघत राहिले.
दोन बाजूंना दोन वाकलेले बांध,
आत एवढासा माणूस,
बाहेर आमचं सगळं इंग्रजी भरतीला आलेलं.

खोडलेल्या जागी शेवटी लिहिलं:
‘नमुनास्थळे श्री. कुलासो यांनी दाखवली.’
पद्धत म्हणून हे कितपत चालेल, माहीत नाही.
समीक्षक क्रमांक दोन सांगतीलच.

अकरा चाळीस. मुदत बाराची.
भरती अकरा बावन्नची; आज पुनव.
म्हणजे आत्ता तो बॅटरी घेऊन बांधावर असणार,
कान लावून, बुबुळ्यांचा आवाज कुठे येतो ते ऐकत.
मी ‘सादर करा’ दाबलं.
गोल चक्र फिरत राहिलं, मग एक क्रमांक आला,
बारा आकडी, आणि शेवटी कृपया उत्तर देऊ नये.

दिवे मालवायच्या आधी फ्रीज उघडला.
सत्त्याण्णव नंबरची बाटली, मोजून झालेली.
बोट बुडवलं. जिभेला लावलं.

खारट.
किती, ते मला सांगता येत नाही.